वेलांटी कोणी सरकवायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९५३ साली लखनौला देवनागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक परिषद भरली होती. तिथे झालेल्या शिफारशींपैकी एक आज आपल्याला गमतीची वाटेल. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या डावीकडे देतो. ती यापुढे उजवीकडे द्यावी, असे ठरले. दीर्घ वेलांटी उजवीकडे होतीच. मग दोहोंत फरक कसा करायचा? तर ऱ्हस्वाची रेघ आखूड ठेवायची! लोकांना हे काही पचले नाही आणि थोड्याच वर्षांत ही शिफारस मागे घ्यावी लागली. पण शेकडो वर्षे डावीकडे सुखाने नांदणाऱ्या वेलांटीला जागा सोडायला का सांगितले गेले असेल? मुलांना शिकणे सोपे जावे, असा एक हेतू होता. दुसरा हेतू होता छापखान्याच्या खिळ्यांची आणि टंकलेखन यंत्राची सोय.

यंत्र आणि माणूस समोरासमोर आले, की वेलांटी कोणी सरकवायची? माणसाने की यंत्राने? हा प्रश्न आज एका स्वतंत्र विद्याशाखेचा विषय झाला आहे. तिचे नाव मानव-संगणक आंतरक्रिया. नाव जरा अवजड आहे, पण आशय साधा आहे. माणूस संगणकापुढे, मोबाइलपुढे, तिकिटाच्या यंत्रापुढे उभा राहतो तेव्हा नेमके काय घडते, कुठे अडते, का अडते आणि ते कसे सोपे करता येईल, याचा हा अभ्यास. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो आणि त्यात पीएचडीचे संशोधनही होते. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध अक्षरांपुरता. पण या विषयाचा महाराष्ट्रातला इतिहास पाहू लागलो, तर तो बराचसा अक्षरांचाच निघाला. म्हणून तो आपल्यापुढे मांडावासा वाटला.

सुरुवात थोडी मागून करू. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये मजकूर हाताने लिहायचा आणि त्याचा ठसा दगडावर उतरवायचा. त्यामुळे वेलांटी, रफार, जोडाक्षर यांना काहीच अडचण नव्हती. हात लिहील ते दगड छापत असे. पुढे शिशाचे खिळे आले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देखण्या देवनागरी खिळ्यांचा लौकिक मिळवला. पण इंग्रजीला सव्वीस अक्षरे, लहान-मोठी धरून बावन्न. देवनागरीला काना-मात्रा, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे. जुळाऱ्यापुढे खणांचा मोठा संसार मांडलेला असे आणि त्याचा हात सगळीकडे फिरे. जुळारी थकला, खर्च वाढला, तेव्हा लोक यंत्राकडे पाहण्याऐवजी लिपीकडे पाहू लागले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी करावी, म्हणजे इ, ई, उ, ऊ यांचे निराळे खिळे वाचतील, अशी सूचना केली ती याच विचारातून. काही नियतकालिकांनी ती पाळलीही. हेतू प्रामाणिक होता. भाषा नव्या युगात मागे पडू नये, ही त्यामागची तळमळ होती.

टंकलेखन यंत्राने तर आणखी कडक अट घातली. अमेरिकेत शोल्स यांनी १८६८ साली त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकात रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. ते रोमन अक्षरांसाठी घडलेले यंत्र. त्यात देवनागरी बसवायची, तर पन्नासहून कमी कळांत, एकेका कळीवर दोन खुणा घेऊन, सगळी भाषा मावली पाहिजे. मग अर्धा ग आणि काना वेगवेगळे मारून पूर्ण ग करायचा, असे तोडगे निघाले. ‘कि’ लिहिताना मनात आधी क येतो, पण बोटाला आधी वेलांटी मारावी लागे. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले आणि तालुक्या-तालुक्यांत टंकलेखनाचे वर्ग निघाले. आपल्याकडची कितीतरी मुले-मुली तिथे महिनोन्‌महिने बोटे घासून कारकुनीला लागली. त्या बोटांचे कौतुकच आहे. पण शिकायला इतके महिने का लागतात, असा प्रश्न कोणी यंत्राला विचारला नाही.

याच्या उलट एक उदाहरण देतो. उर्दूची नस्तालीक लिपी तिरपी, उतरत जाणारी. शेजारचे अक्षर बदलले की तिथे अक्षराचा आकार बदलतो. खिळ्यांत ती नीट बसेना, तेव्हा नस्ख वळणाने छापा, असा आग्रह झाला. वाचकांनी तो मानला नाही. वर्तमानपत्रे मोठ्या संख्येने कातिबांच्या हातची लिहिलेलीच निघत राहिली. अखेर १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक तयार केली. त्यासाठी हजारो जोडरूपे एकेक करून हाताने लिहून काढावी लागली. म्हणजे इथे लिपी आपल्या जागी ठाम राहिली आणि वाकावे लागले ते यंत्राला. दोन्ही वळणांची अक्षरे घरात असलेल्या माझ्यासारख्याला हा फरक जवळून जाणवतो.

चूक माणसाची की यंत्राची, हा प्रश्न शास्त्र म्हणून पहिल्यांदा पुढे आला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमाने सुखरूप परत येत आणि धावपट्टीवर उतरल्यावर अपघात करून घेत. कारण वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेत असे. अहवालात शेरा पडे, ‘वैमानिकाची चूक’. आल्फान्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले. दोन्ही दांडे शेजारी शेजारी आणि हाताला अगदी सारखे लागणारे! त्याने उपाय सुचवला तो पोराला सुचावा असा. चाकांच्या दांड्याला रबरी चाकाचा आकार द्या आणि झडपांच्या दांड्याला झडपेचा. मग अंधारातही हाताला कळेल. १९५४ साली पॉल फिट्स यांनी हाताच्या हालचालीचे गणित मांडले. लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोचायला वेळ अधिक. आज मोबाइलवरचे एखादे बटण अंगठ्याला चटकन सापडते, तेव्हा त्यामागे हे गणित असते.

मग संगणक आला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी माउस आणि पडद्यावर मजकूर हलवण्याची किमया जाहीरपणे करून दाखवली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेने त्यातून चित्रखुणांचा संगणक घडवला. १९८२ साली या विषयाच्या अभ्यासकांची पहिली मोठी परिषद अमेरिकेत गेदर्सबर्गला भरली. १९८३ साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांचा या विषयाच्या मानसशास्त्रावरचा पायाभूत ग्रंथ आला. १९९२ साली अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने हा विषय विद्यापीठांत कसा शिकवावा याचा आराखडाच प्रसिद्ध केला.

याच काळातली एक हकिगत सांगण्याजोगी आहे. ल्यूसी सचमन ही मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी झेरॉक्सच्या त्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. कंपनीचे एक नवे छायाप्रत यंत्र लोकांना फार अवघड वाटते, अशा तक्रारी होत्या. तिने त्या यंत्रापुढे माणसांना काम करायला लावून त्याचे चित्रण केले. त्यातल्या एका चित्रफितीत दोन माणसे कागदाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढू पाहताहेत आणि त्यांना ते जमत नाही. ती दोघेही नामवंत संगणकतज्ज्ञ होती आणि त्यांतले एक होते स्वतः ॲलन न्यूएल! कागदपत्राच्या खिडकीवर किंवा एटीएमपुढे गोंधळलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून जे हसतात, त्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी. सचमनचे पुस्तक १९८७ साली आले. यंत्र बनवणारा माणसाच्या वागण्याची जी योजना गृहीत धरतो आणि माणूस प्रत्यक्ष प्रसंगात जे करतो, त्यांत केवढे अंतर असते, हे तिने दाखवले. प्रयोगशाळेत बसून हे अंतर कळत नाही. जिथे काम चालते तिथे जाऊन पाहावे लागते.

आता आपण पवईला येऊ. १९५८ साली स्थापन झालेल्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. वस्तू कशी असावी, माणसाच्या हाताला आणि डोळ्याला कशी रुचावी, याचे पदव्युत्तर शिक्षण देणारे हे केंद्र. सर ज. जी. कलाशाळेत आणि नंतर जर्मनीत उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्या शिक्षकांनी त्याची घडण केली. तंत्रज्ञानाच्या त्या आवारात चित्रकार, सुतारकाम जाणणारे आणि अभियंते एकत्र बसू लागले.

१९८३ साली तिथे एक कवी प्राध्यापक म्हणून आला. रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे आपले र. कृ. जोशी. मराठीत अक्षरांच्या मांडणीतून कविता करणारे कवी, जाहिरातक्षेत्रात नाव मिळवलेले सुलेखनकार. त्यांनी विद्यार्थ्यांना अक्षराकडे पाहायला शिकवले. अक्षर म्हणजे नुसता आकार नव्हे. ते उच्चारातून, हाताच्या वळणातून, लेखणीच्या तिरप्या टोकातून आलेले असते, ही त्यांची धारणा. पुढे मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी संगणकासाठी भारतीय लिप्यांचे काम केले. विंडोज संगणकांवर ‘मंगल’ नावाचा देवनागरी टंक आपण वर्षानुवर्षे पाहिला, तो त्यांनी रेखलेला. २००८ साली त्यांचे निधन झाले. कोट्यवधी लोकांनी त्यांची अक्षरे वाचली, पण त्यांतल्या फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल.

इकडे संगणकाला भारतीय भाषा शिकवण्याचे काम दुसऱ्या वाटेनेही चालले होते. कानपूरच्या आयआयटीत १९८३ साली देवनागरीत काम करणारा संगणक सिद्ध झाला. ती माणसे आणि ते तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि तिथून जिस्ट कार्ड निघाले. इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी. आणि ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन बसवण्याचे काम यंत्राचे! लखनौच्या परिषदेला जो पेच पडला होता, तो तीस-पस्तीस वर्षांनी असा सुटला. वेलांटी सरकवायची होतीच. फक्त ती यंत्राने सरकवली.

तरीही सगळे काही सुरळीत झाले नाही. प्रकाशनसंस्थांचे, कार्यालयांचे टंक निरनिराळे. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की चौकोन आणि चिन्हांची रांगोळी. युनिकोडने तो घोळ हळूहळू मिटवला. पण मराठीचे स्वतःचे काही हट्ट होते. ‘आचार्यांना जेवायला बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलवा’ यांत अर्थाचे अंतर केवढे! एका रफारावर गुरुजी आहेत, दुसऱ्यावर स्वयंपाकी. हिंदीला हा अर्धा ‘ऱ’ लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यापुढे ठेवून बनवलेल्या साधनांत तो सहज सापडत नसे. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात. पऱ्हे भरले, पऱ्हे उपटले, रोवणी झाली, हे आमचे पावसाळ्याचे बोलणे. ज्या कळफलकावर ‘पऱ्हे’ लिहिता येत नाही, त्यावर आमचा पावसाळा लिहिता येत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये हे अक्षर ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळते. पण किती जणांना ते आपणहून सापडेल?

अक्षर यंत्रात असणे वेगळे आणि माणसाला ते सापडणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीचा अभ्यास पवईत सुरू झाला. प्रा. अनिरुद्ध जोशी तिथलेच विद्यार्थी. अभियांत्रिकी, मग दृश्यसंज्ञापन आणि पुढे संगणकशास्त्रात पीएचडी, असा त्यांचा प्रवास. २००४ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ नावाचा कळफलक मांडला. कल्पना अशी, की ज्याने कधी टंकलेखन शिकले नाही, पण जो शाळेत क, ख, ग, घ शिकला आहे, त्याला कळफलकावर तीच शाळेची पाटी दिसावी. कवर्ग, चवर्ग, टवर्ग ओळीने. आपल्या पूर्वजांनी वर्णमाला उच्चाराच्या जागेनुसार लावली, कंठापासून ओठापर्यंत. ही शिस्त कोट्यवधी लोकांना आधीच पाठ आहे. मग इंग्रजी टंकलेखन यंत्राची विस्कटलेली रांग त्यांच्यावर का लादायची?

स्पर्शपडद्याचे मोबाइल आले तेव्हा हेच काम पुढे गेले. २०११ साली स्टॉकहोमच्या परिषदेत या गटाने देवनागरीच्या निरनिराळ्या पडदा-कळफलकांची रचना आणि तुलना मांडली. २०१३ साली ‘स्वरचक्र’ लोकांच्या हाती आले. त्यात क वर बोट ठेवले, की भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमलते. बोट हव्या त्या दिशेला सरकवायचे. बाराखडीच बोटाखाली येते. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाले. याच केंद्रात गिरीश दळवी यांनी देवनागरी अक्षरांच्या शरीररचनेवर पीएचडीचे संशोधन केले. दरम्यान इंटरॅक्शन डिझाइन या नावाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे उभा राहिला. १९८४ साली लंडनमध्ये सुरू झालेली ‘इंटरॲक्ट’ ही जागतिक परिषद सप्टेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा भारतात भरली, तीही पवईलाच.

हा अभ्यास करणारा विद्यार्थी दोन वर्षे करतो तरी काय? भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव, म्हणून तिथलाच दाखला देतो. पाण्याचा गुंड घडवणारा कारागीर काठ किती वळवायचा, तो कमरेवर कसा बसेल, बोटे कुठे धरतील, हे जाणून असे. पाणी भरणारी बाई त्याच्या घरातच होती. त्याला वेगळे संशोधन करावे लागत नसे. संगणकाचा कारागीर मात्र बंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात आणि वापरणारी बाई लाखांदूर तालुक्यात. मधले हे अंतर ओलांडण्याची रीत हा विद्यार्थी शिकतो. आधी जाऊन बसायचे, पाहायचे, मध्ये बोलायचे नाही. मग कागदावर नमुना काढून लोकांच्या हाती द्यायचा. ‘मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करा’, असे सांगून कुठे अडतात ते टिपायचे. मिनिटाला किती अक्षरे लिहिली गेली, किती चुकली, दहाव्या दिवशी सुधारणा झाली का, हे मोजायचे. आणि निष्कर्ष आपल्या लाडक्या कल्पनेविरुद्ध गेला, तर कल्पना टाकून द्यायची.

शेवटची पायरी सर्वांत कठीण. वारणेचे उदाहरण पाहा. १९९८ साली कोल्हापूर-सांगली भागातील वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पिकांची माहिती, बाजारभाव, शिक्षण असे सगळे त्यातून गावात येईल, अशी अपेक्षा होती. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च संस्थेतले संशोधक तिथे गेले आणि लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहत बसले. शेतकरी येत ते मुख्यतः कारखान्याच्या व्यवहारासाठी. ऊस किती भरला, पैसे किती झाले, खत किती घेतले. एवढ्या कामाला संगणक, त्याची वीज आणि दुरुस्ती कशाला? त्यांनी ७ गावांत ८ महिने तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून दाखवले. खर्च कमी आणि माहिती घरबसल्या. मोठ्या यंत्राऐवजी लहान यंत्र पुरते, हे सांगायलाही संशोधन लागते.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या नागपूरशी नाते सांगणारे. इंद्राणी मेधी यांनी वास्तुशास्त्राची पदवी नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतून घेतली आणि शिकागोत शिक्षण घेऊन पुढे पीएचडी पवईच्या याच केंद्रातून केली. बंगळुरूच्या वस्त्यांतल्या घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी, अक्षर न वाचता काम शोधता येईल असा पडदा घडवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. भांडी घासण्याचे काम दाखवायला नळ आणि भांडी काढली, तर बायकांना तो नुसता नळ वाटे. नळातून पाणी वाहताना दाखवले, तेव्हा ते ‘काम’ झाले. चित्राबरोबर आवाज दिला, तेव्हा आणखी कळले. तरी एक अडचण उरली. हे यंत्र कोणासाठी आहे, त्यात ही कामे कुठून आली, याचाच उलगडा होत नव्हता. तेव्हा सगळी गोष्ट सांगणारी एक छोटी नाट्यफीत आरंभी जोडली. निरक्षर माणसाला बुद्धी कमी असते, हा समज अशा संशोधनाने जितका खोडला, तितका भाषणांनी खोडलेला नाही.

आता प्रश्न आपला. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवर करायची, शेतात उभे राहून छायाचित्र काढायचे. कल्पना चांगली आहे. आपल्या सातबाऱ्यावर आपणच लिहायचे, यात मान आहे. ती नोंद खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत अनेक कामांत लागते. पण बांधीत चिखल असतो, हात ओला असतो, पडद्यावर ऊन पडलेले असते, चष्मा घरी राहिलेला असतो. मी पाहतो, पुष्कळ घरांत हे काम शाळकरी नातू करून देतो. आजा धुऱ्यावर उभा राहून विचारतो, ‘झाला का रे?’ ज्याच्या नावाची नोंद, त्यालाच ती झाली की नाही हे दुसऱ्याला विचारावे लागते. त्या आज्याचा हात आणि तो पडदा यांमधली वीतभर जागा, हाच या विद्याशाखेचा विषय. तिथे बसून पाहणारा विद्यार्थी हवा आहे.

कोणी म्हणेल, आता बोलले की यंत्र लिहिते, कळफलकाची कटकट कशाला? खरे आहे. २०१७ साली गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांत आवाजाने लिहिण्याची सोय केली आणि त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठी मजल मारली. पण वेलांटीचा प्रश्न नव्या रूपात उभा आहेच. आमच्याकडे झाडीबोली बोलतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची ही बोली ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणते. तिचे शब्द, तिचे हेल निराळे. यंत्राला समजावे म्हणून म्हातारीने पुण्याच्या धाटणीचे मराठी बोलायचे, की म्हातारीचे समजावे म्हणून यंत्राने झाडीबोली शिकायची? आधी अक्षरांना वाकवले, आता आवाजाला वाकवणार का? झाडीबोलीचे शब्द आणि कथागीते जपण्याचे काम इथल्या अभ्यासकांनी कष्टाने केले आहे. ते यंत्र घडवणाऱ्यांच्या कामी यायचे, तर दोघांमध्ये कोणीतरी दुभाषा लागेल.

तो दुभाषा आपल्या जिल्ह्यातूनही जाऊ शकतो. या अभ्यासक्रमासाठीची ‘सीड’ ही प्रवेशपरीक्षा देशभर होते. ती द्यायला अभियंताच असले पाहिजे, अशी अट नाही. निरनिराळ्या शाखांचे पदवीधर तिला बसतात. प्रत्येक संस्थेच्या पुढच्या अटी मात्र वेगळ्या, त्या नीट पाहून घ्याव्यात. चित्र काढणारी, माणसे न्याहाळणारी, प्रश्न विचारणारी मुले तिला हवी असतात. दंडारीच्या फडात कोण हसले, कोण उठून गेले, हे ध्यानात ठेवणारा मुलगा या कामाचा आहे. आजीला फोनवरचे आकडे शिकवताना तिची बोटे कुठे अडखळतात, हे पाहणारी मुलगी या कामाची आहे. अडचण एवढीच, की हा सगळा अभ्यास इंग्रजीतून चालतो. मराठी कळफलकावरचे उत्तम संशोधनही इंग्रजीतच छापले जाते. ज्यांच्या बोटांचा तो अभ्यास, त्यांना तो वाचता येत नाही. तेव्हा इथून जे शिकायला जातील, त्यांनी आपल्या शोधाचा एक कागद तरी मराठीत लिहावा आणि ज्या गावात बसून पाहिले, तिथल्या चावडीवर तो वाचून दाखवावा.

पूर्वीच्या लोकांनी भाषा टिकावी म्हणून वेलांटी हलवायची तयारी दाखवली. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. इन्स्क्रिप्टमध्ये वेलांटी यंत्र सरकवते, स्वरचक्रात बाराखडी बोटाभोवती येते; या गोष्टी इथल्याच माणसांनी करून दाखवल्या आहेत. पऱ्हे शब्द नीट उमटायला इतकी वर्षे लागली. ‘झाला का रे?’ हे विचारण्याची वेळ त्या आज्यावर आणखी किती पावसाळे यावी, हे आपण कोणाला शिकायला पाठवतो यावर ठरेल.